बंदूक आणि सुरी

आमच्या घरी बंदूक होती असे म्हटले की ऐकणारा जरा सावरून बसतो. म्हणून लगेच पुढचेही सांगून टाकतो. ती छर्‍याची बंदूक होती. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात, माजघराच्या दारामागे, खुंटीला टांगलेली. नळी मधोमध मोडायची, वाटाण्याएवढा छर्रा बोटाने आत बसवायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि चाप ओढायचा. 'फट्' असा आवाज यायचा. उरुसात फुगे फोडायला ठेवतात, तिची ही थोरली बहीण.

आम्ही दोघे भाऊ. या लेखात 'आम्ही' म्हटले आहे तिथे दोघांनी मिळून केलेले समजावे. जिथे आमचे पटले नाही तिथे थोरला आणि धाकटा असे वेगळे सांगू. भांडण एकत्र लिहिता येत नाही.

अब्बा तरुणपणी ती बंदूक घेऊन रानात जात. ही गोष्ट 1972 चा वन्यजीव कायदा येण्याआधीची. कवडा किंवा पारवा पडला की अब्बा धावत सुटायचे. खिशात लहान घडीची सुरी असायची. पाखराचा जीव जाण्याआधी पोहोचले तर जिबह करून घरी आणायचे. उशीर झाला तर पाखरू तिथेच कोल्ह्याला ठेवून यायचे. त्यामुळे अब्बांच्या शिकारीच्या गोष्टींत नेमापेक्षा धावण्याचेच वर्णन जास्त असायचे. काट्यात पाय कसा गेला, बांधावरून उडी कशी मारली, लुंगी कुठे अडकली. कायदा आल्यावर त्यांनी बंदूक खुंटीला लावली ती कायमची. आम्हाला मिळाली ती चिंचेवर नेम धरण्यापुरती. पण नियम एकच होता. अब्बा म्हणायचे, "जीव असलेल्यावर रोखायची असेल, तर आधी खिशात सुरी आहे का ते बघायचं. सुरी नसेल तर बंदूक उचलायची नाही."

तेव्हा आम्हाला वाटायचे की हा नियम फक्त खाण्यापिण्याचा आहे. तो त्याहून मोठा होता, हे कळायला आम्हाला सात समुद्र ओलांडावे लागले आणि एका मुक्या जनावराची एक रात्र आमच्यामुळे वाईट जावी लागली.

थोरला 1999 साली नोकरीसाठी अमेरिकेत टेक्सासला गेला, धाकटा 2006 साली. ह्यूस्टन शहरात राहणारा माणूस शिकारीपासून तसा लांबच असतो. पण तिथून पश्चिमेला चार-पाच तास गाडी हाकली की टेकड्यांचा मुलूख लागतो. खडकाळ जमीन, खुरटी झाडे, मेंढ्यांची कुंपणे. थोरल्याच्या कामाच्या ओळखीतून तिथल्या एका म्हातार्‍या शेतकर्‍याशी आमचा घरोबा झाला. जर्मनीहून दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांच्या वंशातला तो माणूस. आम्ही आपसात त्याला 'आजोबा' म्हणतो. पहिल्याच भेटीत संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसलो असताना समोरच्या ओढ्यावर एक कळप पाण्याला आला. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. आम्ही दोघेही एकदम उभे राहिलो. ते चितळ होते.

चितळ आम्ही लहानपणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाहिले होते. शाळेच्या सहलीत, कुंपणाला नाक लावून. तेच जनावर हजारो मैलांवर भेटले. आजोबांनी सांगितले की 1932 च्या सुमारास हिंदुस्थानातले चितळ टेक्सासात आणून सोडले गेले, काही कुंपणातून निसटले आणि या टेकड्यांत असे रुजले की आता हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांच्या विणीला ऋतू नाही. मेंढ्यांचे गवत खातात आणि तिथल्या मूळच्या हरणांच्या तोंडचा घासही पळवतात. म्हणून तिथल्या कायद्यात ते 'परके' जनावर आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी आणि शिकारीचा परवाना असला की वर्षाच्या कोणत्याही दिवशी मारता येते. आपल्याकडे ज्याला हात लावला तर तुरुंग, त्याची तिथे डोकेदुखी झाली आहे. "घेऊन जा रे तुमच्या देशातले पाहुणे," असे आजोबा हसत म्हणाले. ते बोलणे थट्टेचे होते. पण दोन परक्या माणसांनी परक्या ठरलेल्या जनावराकडे पाहावे, यात आम्हाला थोडे काही टोचलेही.

टोचले तरी मोह झाला. आमच्याकडे तेव्हा एक हवेची रायफल होती. पाव इंची, म्हणजे .25 कॅलिबरची. तिचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा दोष नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर पाण्यात शाई सोडावी तशा काळ्या रेघा, गालाला टेकायच्या जागी उतरता घाट. आमची मुले दिवाणखान्यात आली की तिला हात लावून जायची. थोरला दर रविवारी दस्त्याला तेल चोळायचा. कागदावर पन्नास यार्डांवरून ती एकाच भोकात छर्‍यामागून छर्रा घालायची. इतकी देखणी आणि इतकी नेमकी वस्तू दुबळी असेल, असे मनात आले नाही. देखणेपण माणसाला असे फसवते.

2017 च्या डिसेंबरात ती घेऊन आम्ही आजोबांकडे गेलो. कायद्याची आडकाठी नव्हती. खिशात सुरीही होती. संध्याकाळी एक तरणी चितळीण तीस-पस्तीस यार्डांवर आली. बिस्मिल्लाह म्हणून चाप ओढला. गोळी जिथे लागायला हवी तिथे लागली, हे आम्ही दोघांनी दुर्बिणीतून पाहिले. ती उसळली आणि झाडीत गेली. आम्ही धावलो. रक्ताचे चार थेंब, मग दोन, मग काही नाही. अंधार पडला. विजेर्‍या घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत हिंडलो. सकाळी आजोबांच्या कुत्र्याने तिला शोधले. ओढ्याच्या पलीकडे, अर्ध्या मैलावर. पाण्याजवळ जायचा प्रयत्न करून पडली होती. अंग थंड होते, पण फार थंड नव्हते. म्हणजे ती पहाटेपर्यंत जिवंत होती.

आजोबा काही बोलले नाहीत. फक्त आमच्या हातातल्या रायफलीकडे पाहून म्हणाले, "खारींसाठी छान आहे."

परतीच्या पाच तासांत आमच्यात एक शब्द झाला नाही. घरी अब्बांना फोन केला. लपवता आले असते, पण लपवले नाही. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोश्त गेलं त्याचं काही नाही. तिची रात्र कोण भरून देणार?"

यानंतर वर्षभर आम्ही रायफलीला हात लावला नाही. पण विषय डोक्यातून गेला नव्हता. थोरला यंत्रांचा इंजिनिअर. त्याला जे झाले त्याचे गणित हवे होते. धाकट्याला मसला कळून घ्यायचा होता. दोघेही आपापल्या वाटेने शोधत गेलो.

धाकट्याच्या वाटेवर आधी भेटला तो 'बंदूक' हा शब्दच. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट नावाचे गोल कवचाचे फळ. मूळ ग्रीक, काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशाच्या नावावरून आलेला. त्या फळासारखी मातीची गोळी करून धनुष्यातून पाखरांवर मारीत, तिलाही बुंदुक म्हणू लागले. बगदादचा खलिफा अल्-नासिर याने (राज्यकाळ 1180 ते 1225) या गोळीच्या धनुष्याचा खेळ शिस्तीने बांधून दिला होता. पुढे दारू आली, नळी आली आणि गोळीचे नाव हत्याराला चिकटले. म्हणजे आपण मराठीत बंदूक म्हणतो तेव्हा दारूचा धूर नसलेल्या एका मातीच्या गोळीचे नाव घेत असतो. अब्बांची छर्‍याची बंदूक त्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ होती.

आणि मसलाही त्याच गोळीपाशी सुरू होतो. जुन्या फकीहांनी लिहून ठेवले आहे की जे जनावर धारेने किंवा टोकाने भेदून मेले ते एक, आणि जे नुसत्या वजनाच्या मार्‍याने मेले ते वेगळे. ठोसून मेलेले खाऊ नये, हे सूरह माइदामध्येच आले आहे. मातीची गोळी ठोसणारी, म्हणून तिने मेलेले पाखरू चालत नाही. जिवंत सापडले तर जिबह करावे. मग आजची शिशाची गोळी कोणत्या बाजूची? ती भेदते म्हणून चालते, असे म्हणणारे आलिम आहेत. ती वजनाने आणि वेगाने फोडते, धार तिला नाही, म्हणून चालत नाही असे म्हणणारेही आहेत. आम्ही त्या वादात पडलो नाही. आमच्या घरची रीत अब्बांच्या सुरीची. जिवंत गाठले तर आपले, नाही तर नाही.

थोरल्याची वाट आकड्यांची. बंदुकीची ताकद तिथे फूट-पाउंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट वर उचलायला लागते ती एक. आमची देखणी रायफल पंचेचाळीसच्या आसपासची. आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर नळीची आणि 20 ज्यूलपर्यंतची हवेची बंदूक विनापरवाना ठेवता येते. ते 20 ज्यूल म्हणजे जेमतेम पंधरा फूट-पाउंड. त्या मापात वाढलेल्या आम्हाला पंचेचाळीस म्हणजे तोफच वाटली होती.

2018 साली टेक्सासने हरणासारख्या मोठ्या शिकारीलाही हवेच्या रायफलीची मुभा दिली. पण अट घातली. नळी कमीत कमी .30 ची, आणि गोळी 150 ग्रेनची असून वेग सेकंदाला 800 फूट. नाही तर एकूण ताकद किमान 215 फूट-पाउंड. चितळ परके असल्याने त्याला ही अट लागू नाही. पण थोरला म्हणाला, "अट लागू नसली तरी हरणाचं काळीज तेवढंच असतं." आम्ही तो आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवला. 215. आमचे होते 45.

कोणी विचारेल, मग सरळ दारूची रायफल का नाही घेतली? तिची ताकद हजारांत असते आणि टेक्सासात ती भाजीसारखी मिळते. कारणे दोन. एक, आजोबांच्या जमिनीत मेंढ्या आहेत, शेजारची वस्ती फार लांब नाही, आणि दारूची गोळी चुकली तर मैल-दीड मैल जाते. हवेची जड गोळी लवकर दमते. दुसरे कारण सांगायला अवघड आहे. आमच्या दोघांच्या नावात मोहम्मद आहे. 2001 नंतर त्या देशात, त्या नावाने, दुकानाच्या काचेवर वाकून रायफल मागायची, फॉर्म भरायचा, दुकानदार आपल्या दाढीकडे पाहतोय की नाही ते पाहायचे. कोणी आम्हाला कधी काही बोलले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण न बोललेलेही माणूस ऐकत असतो. तिथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत दारूने उडणारे तेवढेच शस्त्र. हवेवर चालणारे त्यात येत नाही. आणि शेवटी, आम्ही छर्‍याच्या बंदुकीच्या घरातले. धूर आमच्या आठवणीत नाही.

तर हवेचीच, पण मोठ्या नळीची. मोठीच का, ते थोरल्याने जेवणाच्या टेबलावर समजावले. दारू पेटली की नळीत प्रचंड दाब तयार होतो. हवेच्या टाकीत दाब तीन हजार पीएसआय, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट असला, तरी दारूपुढे तो काहीच नाही. मग कमी दाबातून जास्त काम कसे काढायचे? गोळीची पाठ मोठी करायची, म्हणजे हवेला ढकलायला जागा मिळते. नळीचा व्यास दुप्पट केला की ही जागा चौपट होते. आणि नळी लांब करायची, म्हणजे हवा गोळीच्या मागे जास्त वेळ लागून राहते. "पाळणा ढकलताना हात जितका लांब जाईल तितका पाळणा वर," असे तो म्हणाला. यात सौंदर्याला कुठे जागाच नव्हती. लांब नळी, मोठी टाकी, जाड गोळी.

ही कल्पना नवीही नाही. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल आली होती. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, नळीच्या बाजूला वीसेक गोळ्यांची भरलेली नळकांडी. जगातले सैनिक एक गोळी झाडून दारू ठासत बसायचे तेव्हा हिचा शिपाई धुराविना गोळ्यांमागून गोळ्या सोडत असे. 1804 साली अमेरिका ओलांडायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या तुकडीने हवेची रायफल बरोबर नेली होती, वाटेत लोकांना ती दाखवून चकित केले होते. पण टाकी भरायला हजाराहून जास्त वेळा पंप हाणावा लागे, टाक्या गळत, दुरुस्तीला कसबी हात लागत. 1815 च्या सुमारास ती सैन्यातून गेली. थोरल्याला ही गोष्ट फार आवडली आणि तिने तो गंभीरही झाला. इतकी बुद्धिमान रचना, आणि चिखलात टिकली नाही.

2019 साली आमच्यापुढे तीन रायफली होत्या. पहिली .357 ची बेंजामिन बुलडॉग. आखूड, यंत्रणा मागे दस्त्यातच बसवलेली, गाडीत सहज मावणारी, पाच गोळ्यांची पेटी. हाती घेतली की तोल बरोबर मध्ये. पण ताकद दोनशेच्या आतबाहेर. आमच्या कागदावरच्या आकड्याला टेकून उभी. दुसरी कोरियात बनलेली ड्रॅगन क्लॉ, .50 ची. बनवणारे 230 सांगत. तिला खरा लाकडी दस्ता, जुन्या रायफलीसारखी चण. तिसरी .45 ची टेक्सन, टेक्सासातल्याच फोर्ट वर्थमध्ये बनणारी. चार फूट लांब. लाकूड नावालाही नाही. मागची हवेची टाकी हाच दस्ता, पुढे चौतीस इंच नळी, वरून खाली काळा धातू. एका वेळी एकच गोळी. पण ताकद पाचशेच्या वर.

धाकट्याने टेक्सन पाहिली आणि म्हणाला, "प्लंबर घर सोडून जाताना विसरून गेलाय."

थोरल्याचे मन ड्रॅगन क्लॉवर बसले होते. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गालाला नीट बसणारा दस्ता असेल तर नेम स्थिर राहतो. रचना म्हणजे नुसते नटणे नव्हे. वस्तूवर प्रेम असेल तर माणूस ती जपतो, तिचा सराव करतो. आणि 230 हे 215 च्या वर आहे. धाकट्याने विचारले, "किती वर?" थोरला गप्प. धाकटा म्हणाला, "पंधरा. ही बनवणार्‍याची पंधरा, टाकी पूर्ण भरलेली असतानाची पंधरा. दुसर्‍या गोळीला दाब उतरेल, थंडीत उतरेल, चाळीस यार्ड जाता जाता उतरेल. मागच्या वेळी पण आपण लाकडाच्या रेघा पाहिल्या होत्या." हे शेवटचे वाक्य लागले. दोन दिवस आमच्यात जेमतेम बोलणे होते. वहिनीने मध्यस्थी केली: "तुम्ही कोणासाठी घेताय? भिंतीसाठी की त्या जनावरासाठी?"

असे ठरता ठरता धाकट्याच्याच मनात एक गाठ पडली. टेक्सनची 250 ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची, पोकळ टोकाची गोळी काळजातून गेली तर चितळ जागच्या जागी संपेल. त्याला त्रास नाही. पण मग आपली सुरी पोहोचणार कधी? जी रायफल जितकी दयाळू, तितके गोश्त आपल्या हातून जाण्याची शक्यता जास्त. आणि जी जनावराला जिबहपर्यंत जिवंत ठेवील ती त्याला तळमळत ठेवील. आपण हलालसाठी त्याची तळमळ वाढवायची का? जिबह करतानासुद्धा सुरी धारदार असावी, जनावराला आराम मिळावा, अशी हदीसची शिकवण आहे. मग बंदुकीला ती शिकवण लागू नाही का?

हा प्रश्न आम्ही अब्बांपुढे ठेवला. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. दापोलीत पाऊस होता, फोनमधून कौलांवरचा आवाज येत होता. आम्ही त्यांना तिन्ही रायफलींची माहिती दिली. फूट-पाउंड, इंच, ग्रेन, पीएसआय, टाकीत किती गोळ्यांची हवा, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि सुरी कुठली घेतलीत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सुरी स्वयंपाकघरातली होती. कांदा कापायची. मागच्या वेळीही तीच खिशात होती.

अब्बा म्हणाले, "बंदूक जनावरासाठी असते. ती अशी घ्या की त्याला कळायच्या आत संपेल. सुरी आपल्यासाठी. गोश्त मिळालं तर नशीब, नाही मिळालं तर दुसर्‍या कोणाचं पोट भरेल. पण आपल्या ताटासाठी त्याला अर्धं मारून ठेवायचं नाही. पोहोचायचं असेल तर जवळून मारा आणि धावा. त्यासाठी पाय दिलेत."

आम्ही टेक्सन घेतली.

महिनाभराने गावाकडून एक चुलत भाऊ आला. त्याच्या बॅगेत अम्मांनी आंबापोळी दिली होती आणि फडक्यात गुंडाळलेली एक घडीची सुरी. मुठीवरचे हाड पिवळे पडलेले, पाते घासून घासून अरुंद झालेले. धार मात्र नवी होती. अब्बांनी आमच्यासाठी लावून घेतली होती.

सहा महिने आम्ही फक्त सराव केला. टाकी भरायला मोठे नळकांडे दुकानातून भरून आणायचे; पूर्ण ताकदीच्या दोन-तीन गोळ्या झाल्या की पुन्हा हवा. आवाज दारूच्या रायफलीएवढा नाही, पण 'फट्' नक्कीच नाही. पन्नास यार्डांवर नेम बांधला तर शंभरावर गोळी वीतभर खाली जाते, हे शिकलो. म्हणून आपला शंभर यार्डांशी संबंध नाही, असे ठरवले. पस्तीसच्या आत आले तर मारायचे, नाही तर पाहून परत यायचे. धाकटा सकाळी पळायला जाऊ लागला. शेजार्‍यांना वाटले वजन कमी करतोय.

2020 च्या जानेवारीत पहिला नर तीस यार्डांवर आला. गोळी सुटली आणि तो उभा होता तिथेच पाय दुमडून बसला, जसा दमलेला माणूस बसतो. धाकटा पोहोचला तेव्हा डोळा स्थिर झाला होता. त्याने हात छातीवर ठेवून पाहिले. मग सुरीची घडी मिटली. आजोबांना म्हणालो, हे तुमचे. त्यांना आम्ही कारण सांगितले होते, तरी विचारले, "नक्की?" आम्ही म्हणालो, नक्की. रात्री त्यांच्या घरी त्यांनी चितळ भाजले, आम्ही डाळ-भात खाल्ला. घरी अब्बांना कळवले. ते एवढेच म्हणाले, "रात्र नाही काढावी लागली ना त्याला? मग शुक्र."

पुढचे वर्ष कोणाचेच नव्हते. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासात अशी थंडी पडली की नळ फुटले, वीज गेली. आजोबांचा फोन आला. त्यांच्या टेकडीवर चितळ थंडीने मरून पडले होते. मूळची तिथली हरणे बरीचशी तगली, पण ही गेली. नव्वद वर्षे त्या मातीत काढूनही अंगाने गरम देशाचा हिशेब सोडला नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही गेलो नाही. मरणार्‍यांवर नेम काय धरायचा.

कळप पुन्हा वाढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक मादी पंचवीस यार्डांवर आली. या वेळी चाप थोरल्याने ओढला. ती सात-आठ उड्या गेली आणि कोसळली. धाकटा बांधावरून झेपावला. विजार तारेत अडकून फाटली. तो पोहोचला तेव्हा तिच्या नाकातून वाफ येत होती. तोंड किब्ल्याकडे फिरवायला जेमतेम वेळ मिळाला. अब्बांची सुरी एकदाच फिरली. बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर. रक्त धारेने वाहिले. गोळी सुटल्यापासून सगळे मिळून अर्धे मिनिटही झाले नसेल.

गोश्त वहिनीने ओल्या खोबर्‍याच्या वाटणात सुके केले. मुलांनी खाताना विचारले, हे हरीण अमेरिकन का इंडियन? आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही म्हटले, जेवा.

अक्रोडाच्या दस्त्याची रायफल अजून भिंतीवर आहे. मुले तिने डबे पाडतात, थोरला तिला अजून तेल चोळतो. प्रेम कमी झालेले नाही. तिचे काम काय ते तेवढे कळले. टेक्सन कपाटात, कापडी पिशवीत पडून असते. तिला कोणी हात लावून जात नाही. सुरी वरच्या खणात, फडक्यात. शिकारीला निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही पहिल्यांदा ती काढतो, अंगठ्यावर धार पाहतो आणि मग बंदुकीची टाकी भरायला घेतो.